आमच्या खासदाराचं मत कुठं लिहिलंय?

गेल्या महिन्यात आमच्या खासदारांचा कार्यअहवाल घरी आला. गुळगुळीत कागद, पानोपानी रंगीत फोटो. घेऊन आलेला पोरगा आमच्याच गल्लीतला, पक्षाचं काम मनापासून करणारा. “काका, वाचा आणि कसा वाटला ते सांगा,” म्हणाला. मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला. रेल्वेचा थांबा मिळवला, हायमास्ट दिवे बसवले, सभामंडप बांधले, बाकडी दिली. शेवटी एक पान संसदेतल्या कामगिरीचं: उपस्थिती इतके टक्के, प्रश्न इतके, चर्चेत सहभाग इतक्यांदा. मी जे शोधत होतो ते मात्र अख्ख्या पुस्तिकेत सापडलं नाही. पाच वर्षांत देशाचे जे कायदे झाले, त्यांतल्या कोणत्या कायद्याच्या बाजूनं साहेबांनी मत दिलं आणि कोणत्याच्या विरुद्ध?

पोराला विचारलं. तो म्हणाला, “काका, मत काय, पक्षादेश निघतो, पक्ष सांगेल तिकडं मत जातं. त्याची नोंद ठेवून कुणाला काय मिळणार? लोकांना रस्ता पाहिजे, पाणी पाहिजे. विधेयकाची कलमं कोण वाचतं?”

हे म्हणणं त्याचं एकट्याचं असतं तर चहा पाजून विषय सोडून दिला असता. पण हेच मी शहाण्या माणसांच्या तोंडून ऐकत आलोय. मतदारांच्या मेळाव्यात, टीव्हीवरच्या चर्चेत, कट्ट्यावर, सगळीकडे. म्हणून त्याचं उत्तर नीट लिहून द्यायचं ठरवलं.

पहिल्यांदा एक गैरसमज काढून टाकू. खासदाराचं मत कुठंतरी लिहिलेलं असेल, आपणच शोधायचा आळस करतो, असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. संसदेतली बरीचशी विधेयकं आवाजी मतदानानं मंजूर होतात. अध्यक्ष म्हणतात, अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावं, प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावं. दोन्हीकडून गलका होतो. मग अध्यक्ष कानाला जसं वाटेल तसं सांगतात: होयचं बहुमत. झाला कायदा. कोण काय म्हणालं, सभागृहात किती जण होते, आपला माणूस त्या वेळी आत होता की बाहेर कॉफी पीत होता, यातलं काहीही कागदावर उरत नाही. कुणी हरकत घेऊन मतविभागणी मागितली तर घंटा वाजते, बटणं दाबली जातात आणि नावानिशी नोंद होते. पण लोकसभेच्या नियम ३६७ मध्ये एक पळवाट आहे. मतविभागणी विनाकारण मागितली आहे असं अध्यक्षांना वाटलं, तर ते सदस्यांना नुसतं जागेवर उभं राहायला सांगून डोकी मोजू शकतात, आणि तशा वेळी मत देणाऱ्यांची नावं नोंदवायची नाहीत, असं त्या नियमातच लिहिलं आहे.

माझा मेहुणा लासलगावकडे कांदा करतो. बाजार समितीत ट्रॅक्टर रिकामा झाला की त्याच्या हातात हिशेबपट्टी पडते. वर त्याचं नाव, खाली वजन, भाव, हमाली, तोलाई, वाराई, कापून हातात येणारी रक्कम. पाच रुपयांची हमाली लागली तरी ती पट्टीवर असते. पट्ट्यांचा गठ्ठा तो सुतळीनं बांधून कपाटात ठेवतो, कारण व्यापाऱ्यानं उद्या शब्द फिरवला तर दाखवायला कागद पाहिजे. आता २०२० चा सप्टेंबर आठवा. १४ तारखेला केंद्रानं कांद्याची निर्यात बंद केली. दुसऱ्याच दिवशी, १५ तारखेला, जीवनावश्यक वस्तू कायद्यातली दुरुस्ती लोकसभेत मंजूर झाली: कांद्याचे भाव दुपटीनं वाढल्याखेरीज साठ्यावर मर्यादा घालणार नाही, असं सांगणारी. राज्यसभेनं ती २२ तारखेला मंजूर केली, तेव्हा विरोधक बहिष्कार टाकून बाहेर होते. आणि २३ ऑक्टोबरला त्याच कायद्याच्या आधारानं घाऊक व्यापाऱ्याला २५ टन आणि किरकोळ व्यापाऱ्याला २ टन अशी साठ्याची मर्यादा आली. मेहुण्याच्या कपाटात त्या हंगामातली प्रत्येक पट्टी आहे. ज्या कायद्यानं त्याचा भाव वर-खाली झाला, त्यावर त्याच्या खासदारानं काय केलं, याची पट्टी मात्र कुणाकडेच नाही.

त्याच आठवड्यातला २० सप्टेंबरचा रविवार. राज्यसभेत शेतीची दोन विधेयकं. विरोधक मतविभागणी मागत होते. सदस्यांनी ती आपापल्या जागेवरून मागितली नाही, सभागृहात गोंधळ होता, असं उपसभापतींच्या बाजूनं सांगितलं गेलं. जागेवरून मागितली होती, असं विरोधकांचं म्हणणं. विधेयकं आवाजी मतदानानं मंजूर झाली. दुसऱ्या दिवशी आठ सदस्य निलंबित झाले, त्यांत आपले राजीव सातव होते. त्यांच्यासाठी शरद पवारांनी एक दिवस अन्नत्याग केला. त्या सदस्यांचं वागणं बरोबर होतं असं मला म्हणायचं नाही. नियमपुस्तिका फाडायचा प्रयत्न, माईकची मोडतोड हे सभागृहाला शोभत नाही. पण गोंधळ झाला म्हणून मोजणी सोडून द्यायची, हे मला कुठल्याच अंगानं पटत नाही. गोंधळ आवरेपर्यंत सभागृह तहकूब करता येतं. त्या दिवशी राज्यसभेत सरकारकडे बहुमत होतं की नाही, हा प्रश्न आजही उघडा आहे आणि कायमचा उघडाच राहणार, कारण कुणी मोजलंच नाही. मग दिल्लीच्या वेशीवर शेतकरी वर्षभर बसले. २९ नोव्हेंबर २०२१ ला तेच कायदे मागे घेतले गेले, लोकसभेत चर्चेविना, काही मिनिटांत, पुन्हा आवाजी मतदानानं. म्हणजे कायदे आणताना हात वर केलेल्यांची यादी नाही आणि काढतानाही नाही. गावोगाव पुढारी सांगत फिरले की आम्ही आतून विरोधातच होतो. खोटं बोलतोयस, असं त्यांना म्हणायला शेतकऱ्याच्या हातात काय आहे?

मतविभागणीला वेळ लागतो, असं सांगितलं जातं. लोकसभेचा नियम म्हणतो, घंटा किमान साडेतीन मिनिटं वाजली पाहिजे, म्हणजे बाहेर असलेले सदस्य आत येतील. पुढं बटण दाबायला काही क्षण. लोकसभेत मतं नोंदवणारं यंत्र १९५७ पासून आहे! चहाला दूध तापवायला लागतो तेवढ्या वेळात दीडशे कोटींच्या देशाचा कायदा नावानिशी नोंदवता येतो. नव्या संसद भवनात २० सप्टेंबर २०२३ ला महिला आरक्षणाच्या विधेयकावर मतदान झालं ते तर चिठ्ठ्यांवर झालं. घटनादुरुस्ती होती, दोनतृतीयांश मतं मोजावीच लागतात, म्हणून चिठ्ठ्या वाटल्या, गोळा केल्या, मोजल्या. मोजायचंच असेल तर मोजता येतं.

आणि त्या मोजणीतून काय कळलं पाहा. बाजूनं ४५४, विरोधात २. ते दोघे कोण, हे त्याच रात्री साऱ्या देशाला माहीत झालं: असदुद्दीन ओवेसी आणि आपल्या औरंगाबादचे तेव्हाचे खासदार इम्तियाज जलील. ओबीसी आणि मुस्लिम स्त्रियांसाठी आत वाटा नाही, असं कारण त्यांनी सांगितलं. ते कारण मला पटत नाही, मी त्या विधेयकाच्या बाजूचा आहे. पण औरंगाबादच्या मतदाराला आपला माणूस कुठं उभा होता ते माहीत होतं, त्याचं कारण माहीत होतं, आणि पटतंय की नाही हे ठरवायची सोय होती. याला मी प्रतिनिधित्व म्हणतो. हीच सोय फौजदारी कायद्यांच्या वेळी मिळाली नाही. डिसेंबर २०२३. संसदेच्या सुरक्षेत झालेल्या त्रुटीवर गृहमंत्र्यांनी निवेदन करावं म्हणून विरोधक फलक घेऊन उभे राहिले, आणि त्या अधिवेशनात दोन्ही सभागृहांतले मिळून १४६ खासदार निलंबित झाले. १९ तारखेला बारामतीच्या सुप्रिया सुळे आणि शिरूरचे अमोल कोल्हे बाहेर काढले गेले. २० तारखेला लोकसभेनं आणि २१ ला राज्यसभेनं भारतीय न्याय संहिता आणि तिच्याबरोबरची दोन विधेयकं आवाजी मतदानानं मंजूर केली. अटक कशी व्हायची, पोलीस कोठडी किती दिवसांची, शिक्षा काय, हे सगळं ज्यात आहे ते कायदे. १ जुलै २०२४ पासून माझ्या-तुमच्या घरापर्यंत पोहोचलेले. बारामतीच्या आणि शिरूरच्या मतदाराचं मत त्या दिवशी सभागृहात नव्हतंच, आणि बाकीच्यांचं होतं तर ते काय होतं, हे कुठंही लिहिलेलं नाही.

इथं कुणी म्हणेल, हा भाजपविरोधी लेख आहे. १८ फेब्रुवारी २०१४ चं काय करायचं मग? काँग्रेसचं सरकार होतं. तेलंगणाचं विधेयक लोकसभेत मंजूर होत असताना दारं बंद होती, थेट प्रक्षेपण बंद पडलं होतं, आणि एका राज्याचे दोन तुकडे करणाऱ्या त्या विधेयकावर नावानिशी मतविभागणी झाली नाही. जो पक्ष खुर्चीवर असतो त्याला गलक्यातलं मत सोयीचं पडतं. मार्च २०१८ मध्ये लोकसभेनं गोंधळ चालू असतानाच १४ तारखेला अख्खा अर्थसंकल्प चर्चेविना मंजूर केला, आणि दोनच दिवसांनी अविश्वास प्रस्तावाच्या नोटिसा आल्या तेव्हा गोंधळामुळं उभे राहिलेले पन्नास सदस्य मोजता येत नाहीत, असं अध्यक्ष सुमित्रा महाजन यांनी सांगितलं. सुमित्राताई मूळच्या चिपळूणच्या. त्यांच्या साधेपणाबद्दल आणि अभ्यासाबद्दल मला आदर आहे. तरीही हा न्याय मला मान्य नाही. गोंधळात देशाची तिजोरी उघडता येत असेल, तर गोंधळात पन्नास माणसंही मोजता आली पाहिजेत.

आणि मुंबई! १२ नोव्हेंबर २०१४ हा दिवस मी विसरलेलो नाही. २८८ च्या विधानसभेत भाजपचे १२२ निवडून आले होते. राष्ट्रवादीनं न मागता बाहेरून पाठिंबा जाहीर केला होता. शिवसेना त्या दिवशी विरोधी बाकांवर होती. फडणवीस सरकारचा विश्वासदर्शक ठराव आला आणि अध्यक्ष हरिभाऊ बागडे यांनी तो आवाजी मतदानानं संमत झाल्याचं जाहीर केलं. शिवसेना आणि काँग्रेस मतविभागणी मागत राहिली. राज्यात सरकार कुणाच्या मतावर उभं राहिलं, राष्ट्रवादीच्या ४१ आमदारांनी होय म्हटलं, नाही म्हटलं की गप्प बसले, हे महाराष्ट्राला अधिकृतपणे कधीच कळलं नाही. भाजपच्या विरोधात म्हणून राष्ट्रवादीला मत दिलेल्या माणसाला आपलं मत कुठं गेलं हे विचारायचा हक्क होता. तो त्या एका गलक्यात बुडाला. पाच वर्षांनी, २६ नोव्हेंबर २०१९ ला, सर्वोच्च न्यायालयानंच सांगितलं की महाराष्ट्रातला बहुमताचा फैसला गुप्त मतदानानं होणार नाही आणि त्याचं थेट प्रक्षेपण झालं पाहिजे. मग ३० नोव्हेंबरला उद्धव ठाकरे यांच्या बाजूनं १६९ मोजले गेले, आणि ४ जुलै २०२२ ला एकनाथ शिंदे यांच्या बाजूनं १६४, विरोधात ९९. कुणाला ते निकाल आवडले, कुणाला नाही. पण कोण कुठं होतं, यावर वाद उरला नाही.

आता पक्षादेशाचं. पोराच्या बोलण्यात सगळ्यांत वजनदार मुद्दा हाच आहे आणि मी तो हलका करणार नाही. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीनं दहावी अनुसूची आली. पक्षादेशाविरुद्ध मत दिलं किंवा गैरहजर राहिलं तर सदस्यत्व जाऊ शकतं. १९५५-५६ मध्ये पुण्याचे काकासाहेब गाडगीळ काँग्रेसच्याच बाकावर बसून संयुक्त महाराष्ट्रासाठी आपल्या सरकारला खडे बोल सुनावू शकले, कुलाब्याचे खासदार चिंतामणराव देशमुख मुंबईसाठी अर्थमंत्रिपद सोडून आले. आजचा खासदार बोलेल कदाचित, पण बटण पक्षाचंच दाबेल. हे खरं आहे. म्हणून नोंद नको? मला तर उलटंच वाटतं.

२०१९ साली शिवसेनेनं काय केलं ते घ्या. नागरिकत्व दुरुस्ती विधेयक ९ डिसेंबरला लोकसभेत ३११ विरुद्ध ८० मतांनी मंजूर झालं, सेनेचे खासदार बाजूनं. दोन दिवसांनी राज्यसभेत १२५ विरुद्ध १०५, आणि सेना मतदानात नव्हती. मधल्या अठ्ठेचाळीस तासांत पक्षाची भूमिका फिरली होती; मुंबईत काँग्रेसबरोबरचं सरकार तर त्याआधीच आलं होतं. पक्ष बरोबर होता की चूक, हा वेगळा वाद. पण विचारता आलं! नोंद होती म्हणून विचारता आलं. पक्षादेश काढणारा पक्षसुद्धा त्याच नोंदीनं पकडला जातो. हेच आवाजी मतदान झालं असतं तर दोन्ही भूमिका एकाच वेळी सांगता आल्या असत्या, एक मातोश्रीवर आणि एक दिल्लीत.

शिवाय पक्षादेश म्हणजे दगडावरची रेघ नाही. १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० असं एका मतानं पडलं, आणि सैफुद्दीन सोझ यांनी आपल्या नॅशनल कॉन्फरन्सचा आदेश मोडला होता. पक्षानं त्यांना काढून टाकलं. किंमत मोजून मत दिलेला माणूस इतिहासात नावानिशी उरला. १७ डिसेंबर २०२४ ला एक देश एक निवडणूक विधेयक मांडायचं की नाही यावर मतविभागणी झाली, २६९ विरुद्ध १९८. सत्ताधारी बाकांवरचे काही खासदार पक्षादेश असूनही त्या दिवशी नव्हते, हे आकडे लागले तेव्हाच बाहेर आलं. गैरहजेरी हीसुद्धा भूमिका असते, आणि ती कागदावर फक्त मतविभागणीतच उमटते. पक्षादेशाचा फास सैल करा, हे तर केव्हापासून सांगितलं जातंय. १९९० मध्ये दिनेश गोस्वामी समितीनं, १९९९ मध्ये विधी आयोगानं, आणि १९९२ च्या किहोटो होलोहान निकालात सर्वोच्च न्यायालयानंही सरकारच्या अस्तित्वाचा किंवा मोठ्या धोरणाचा प्रश्न असेल तेवढ्यापुरताच असा आदेश असावा, अशी दिशा दाखवली. मनीष तिवारी यांनी तशी खासगी विधेयकं मांडली. कुठलंच सरकार हलत नाही. हलवायचं असेल तर आधी दिसलं पाहिजे की आपला खासदार किती वेळा स्वतःच्या मतदारसंघाविरुद्ध बटण दाबतो.

मला सगळ्यांत जास्त राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. लोकप्रतिनिधीचं मत दिसलं पाहिजे, हे कायद्यानं कधीच मान्य केलंय. राज्यसभेच्या निवडणुकीत २००३ पासून आमदारानं आपली मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते. जून २०२२ ची मुंबईतली रात्र आठवत असेल: नांदगावचे आमदार सुहास कांदे यांनी मतपत्रिका दाखवण्याची रीत पाळली नाही म्हणून त्यांचं मत बाद झालं आणि मोजणी पहाटेपर्यंत लांबली. म्हणजे आमदाराचं मत पक्षानं पाहायलाच हवं, आणि ज्यांनी आमदाराला निवडून दिलं त्यांनी मात्र खासदार-आमदारांचं कायद्यावरचं मत पाहू नये. मतदाराचं मत गुप्त असतं कारण ते त्याचं स्वतःचं असतं. खासदाराचं मत आमचं असतं, आम्ही पाच वर्षांसाठी त्याच्याकडे ठेवायला दिलेलं.

राहिली उपस्थिती आणि प्रश्नांची संख्या. उपस्थिती म्हणजे त्या दिवशी येऊन हजेरी लावली, एवढंच. प्रश्न म्हणाल तर रोज वीस तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न लागतात. अतारांकिताचं उत्तर छापील मिळतं, उठून उभंही राहावं लागत नाही. २००५ मध्ये पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल ११ खासदारांची हकालपट्टी झाली, त्यांत आपल्या खानदेशातले दोन होते. प्रश्न विचारू नयेत असं मी म्हणत नाही. चांगला प्रश्न एखाद्या खात्याला जागं करतो. पण खासदाराला संसदेत पाठवतात ते कायदे करायला, आणि कायदा मतानं होतो.

“कलमं कोण वाचतं” हे तर मला लागलंच. आपल्या राज्यात गावातलं दारूचं दुकान बंद करायचं असेल तर बायका मतदानाला उभ्या राहतात. उभी बाटली, आडवी बाटली. अर्ध्याहून जास्त मतं आडव्या बाटलीवर पडल्याशिवाय दुकानाला कुलूप लागत नाही. मी असं मतदान पाहिलंय. रोजंदारी बुडवून आलेल्या बाया उन्हात रांगेत उभ्या होत्या, आणि मोजणी संपेपर्यंत एकही घरी गेली नाही. एका दुकानासाठी एवढी काटेकोर मोजणी मागणाऱ्या बायांना देशाच्या कायद्याचं काही पडलेलं नाही, हे कुणी ठरवलं?

पोरगा परवा पुन्हा आला, अहवाल कसा वाटला विचारायला. मी एक कागद त्याच्या हातात दिला. त्यावर वर एक मागणी लिहिली होती: नियम ३६७ मधली नावं न नोंदवण्याची तरतूद काढावी, प्रत्येक विधेयकाच्या अंतिम मंजुरीला मतविभागणी सक्तीची करावी. घटनादुरुस्ती लागत नाही, सभागृहानं स्वतःचे नियम बदलले की झालं. खाली एक तक्ता होता. डाव्या रकान्यात विधेयकांची नावं आणि तारखा, उजवा रकाना कोरा, साहेबांनी स्वतःच्या हातानं भरायचा. बाजूनं, विरोधात, तटस्थ, गैरहजर. सभागृहानं नोंद ठेवली नसेल, पण त्यांना स्वतःला तर आठवत असेल.

त्यानं तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला. वीस डिसेंबरच्या ओळीवर बोट ठेवून थांबला. “काका, यात साहेब काय म्हणाले होते, मलाही माहीत नाही,” म्हणाला. घडी करून कागद खिशात घातला. “शनिवारी साहेब संपर्क कार्यालयात असतात. विचारतो.”